डाव्या कानावरचा हात

कोनेरवाडीच्या महादेवाला काही सांगायचं असेल तर ते महादेवाला सांगत नाहीत, नंदीला सांगतात. महादेव पडला ध्यानात बसणारा, त्याला कुठं रोजच्या कटकटी ऐकायला वेळ! त्याच्यापर्यंत काय न्यायचं ते नंदीनं बघायचं. सांगायची रीतही ठरलेली आहे. नंदीच्या उजव्या कानाला तोंड लावायचं आणि डाव्या कानावर आपला तळहात घट्ट दाबून धरायचा. नाहीतर नंदीच तो, या कानानं ऐकायचा आणि त्या कानानं सोडून द्यायचा. शे-दीडशे वर्षं माणसं हात दाबत आली, त्यामुळं त्याचा डावा कान झिजून गुळगुळीत झालेला आहे आणि उजवा लोकांच्या श्वासानं नि तेलकट ओठांनी काळा पडलेला आहे.

कुणी बोलत असलं की बाकीच्यांनी पायरीखाली उभं राहायचं, हेही ठरलेलं. चारठाण्याच्या रस्त्यावरचं हे चिमूटभर गाव, इथं कुणाच्या घरी काय शिजलं ते शेजारणीला फोडणीवरून कळतं. पण नंदीशी बोलणाऱ्या माणसाच्या आसपास आजवर कुणी फिरकलं नव्हतं. चहाडखोरातला चहाडखोरसुद्धा तेवढ्यापुरता लांब जाऊन चपला शोधायचा.

यंदा श्रावण सरला आणि देवळातली पितळी घंटा चोरीला गेली. नंदीच्या बरोबर वर टांगलेली, एकट्यानं उचलताना दमछाक व्हावी अशी घंटा. गावानं तोंडात बोटं घातली. देवस्थान कमिटीचे अध्यक्ष आबासाहेब, ते तर चवताळलेच. आबासाहेब म्हणजे गावातला शेवटचा शब्द. बांधाचं भांडण असो, सोयरीक असो, निवाडा त्यांच्या ओट्यावर व्हायचा. "आपल्यापशी लपवाछपवी न्हाई," हे त्यांचं पालुपद. त्रेसष्टावं वर्ष, पांढऱ्या मिशा, कडक इस्त्रीचं धोतर. गावात पान हललं तरी आपल्याला कळतं अशी त्यांची समजूत होती, आणि घंटा हलली ते कळलं नाही याचा राग चोरीपेक्षा मोठा होता.

जिंतूरहून धम्मपालला बोलावलं. बस स्टँडजवळ त्याचं कॅमेऱ्यांचं छोटं दुकान. पोरगा कामाला चोख. त्यानं चार कॅमेरे बसवले, एक नेमका नंदीच्या डोक्यावरच्या खांबाला. आबासाहेबांच्या मोबाईलमध्ये सगळं जोडून दिलं आणि मग डोकं खाजवत म्हणाला, "आबा, ह्याच्यात आवाज बी येतो. ह्या नंदीवरच्याचा बंद करून टाकू का?"

"कामून? फुकट बसवलाय का?"

"लोक हितं कानात बोलत्यात म्हणून म्हणलं."

"आरं, ज्याला सांगायलेत त्यो तर सगळं ऐकायलाच हाय की! देवापुढं कुणाचं काय झाकून ऱ्हायलंय?"

"म्या देव मानत न्हाई, आबा. पर आसला तरी त्याच्या खिशात मोबाईल न्हाई."

कमिटीची माणसं खो खो हसली. आबासाहेबही हसले. आवाज तसाच चालू राहिला.

पहिल्यांदा घडलं ते अगदी सहज घडलं. ओट्यावर चहा पिता पिता त्यांनी मोबाईल उघडला, चोर येतो का बघायला. नंदीपाशी चांगुणाबाई उभी होती. पलीकडच्या गल्लीतली म्हातारी, दोन पोरांची आई. आणि बशीतल्या चहाशेजारी ठेवलेल्या मोबाईलमधून तिचा आवाज आला, "मला दिसंना गेलंय रे बाबा. पोरायला सांगितलं न्हाई. परवा हात चुलीत गेला. सून म्हणती, म्हातारीचं ध्यान न्हाई. आंधळी म्हणून कोपऱ्यात बसवतील मला."

आबासाहेबांचे कान तापले. घाईघाईनं त्यांनी मोबाईल पालथा घातला, कुणी पाहिलं तर नाही म्हणून इकडं तिकडं बघितलं. दुसऱ्याच्या न्हाणीत चुकून पाऊल पडावं तसं झालं त्यांना. तासाभरानं मात्र त्यांनी तो पुन्हा सुलटा केला. म्हातारीचं बोलणं साठवलेलं होतं, ते पहिल्यापासून ऐकलं.

आठवड्यानं त्यांनी गावात दवंडीसारखं सांगून टाकलं, "जिंतूरला डोळ्याचं शिबिर हाय. साठीच्या पुढचे सगळे गाडीत बसा, न्हाई म्हणायचं काम न्हाई." बारा म्हातारे गेले. चांगुणाबाईचा मोतीबिंदू निघाला. पोरांना काही कळलं नाही, सुनेला काही कळलं नाही, आणि चांगुणाबाई गावभर सांगत सुटली, "नंदीनं ऐकलं गं बायांनो, आठ दिसांत ऐकलं!"

आता यात वाईट काय झालं? आबासाहेबांनी हाच प्रश्न स्वतःला विचारला आणि हवं तेच उत्तर घेतलं. मन तर पटवून घ्यायला बसलेलंच असतं.

मग पंडितची पाळी आली. ट्रॅक्टरवर काम करणारा, बायको-लेकरांचा धनी. एका दुपारी तो नंदीच्या कानाला लागला आणि भडाभडा बोलला, "घंटा म्या नेली. नडीला नेली. इकाय जातो तर हात धजंना. कडब्याच्या गंजीत पुरून ठिवली. झोपलं की वाजती रे, नुसती वाजती." दुसऱ्या दिवशी पारावर आबासाहेब पंडितच्या शेजारी बसले आणि हवेला सांगितल्यासारखं म्हणाले, "औंदा कडब्याच्या गंजीत काय काय निघायलं म्हणं बाबा." पंडितच्या हातातली तंबाखू खाली सांडली. तिसऱ्या दिवशी सकाळी घंटा जागेवर होती.

गावानं फटाके उडवले. चोर कोण, ते कुणालाच कळलं नाही आणि आबासाहेबांनी सांगितलंही नाही. त्या दिवशी ते छाती पुढं काढून चालले. देव हे जग असंच चालवत असणार, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. जाणायचं सगळं, बोलायचं थोडं, आणि बाण बरोबर लागू द्यायचा.

फक्त एक झालं. पंडित त्यानंतर पारावर येईना. आबासाहेब एका बाजूनं आले की तो दुसऱ्या बाजूनं निघून जाई. आणि आबासाहेबांनाही लग्नाकार्यात पंगतीला बसलं की घास गोड लागेना. समोर वाढणारी बाई कशासाठी रडली, शेजारी बसलेला कुणाला घाबरतो, हे सगळं डोक्यात. माणसं चांगले धड कपडे घालून समोर बसलेली असत आणि यांना ती उघडी दिसत. तरी मोबाईल काही सुटला नाही. एकदा चव लागली की लागली.

त्यांच्या स्वतःच्या घरची बाई, बायनाबाई, दर सोमवारी नंदीकडं जायची. लग्न झाल्यापासूनचा नेम. तिचं मात्र त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यात कुणी सभ्यपणा शोधू नये. तिचं काय ऐकायचं असणार, असं त्यांना वाटायचं. पुण्यात नोकरी करणारा मुलगा गोपाळ, त्याची लेकरं, नाहीतर पित्ताच्या खड्यांचं दुखणं. ते खडे काढायला पुढच्याच सोमवारी तिला परभणीला न्यायचं ठरलं होतं. चाळीस वर्षं ज्या बाईच्या हातची भाकर खाल्ली, तिच्या पोटात काय आहे ते कळायला मोबाईल कशाला?

परभणीला जायच्या आधीच्या सोमवारी ते शेतात होते. सोयाबीन निघून गेलेलं, बाभळीखाली सावलीला बसून चाळा म्हणून त्यांनी मोबाईल उघडला. बायनाबाई नंदीपाशी उभी होती. ते बघून पुढं जाणार होते, पण ती हलेचना. नेहमी मिनिटात आटोपणारी बाई, आज दोन मिनिटं झाली, तीन झाली. मध्येच तिनं पदरानं डोळे पुसले आणि मध्येच हसल्यासारखी दिसली. आबासाहेबांना नवल वाटलं. त्यांनी आवाज मोठा केला आणि पहिल्यापासून लावलं.

"आलेय रे बाबा," बायनाबाई म्हणत होती. "तेच सांगायला आलेय, दुसरं काय सांगणार. आजून बोलले न्हाईत ते. परवाच्या दिवाळीला बी पेटी उन्हात ठिवली, पाकीट काढलं, वाचलं, व्हतं तश्याच घडीत ठिवून दिलं. छत्तीस वर्सं झाली. माझं काय आता नर्स व्हायचं वय हाय का? त्याच्यासाठी न्हाई मागत. राग बी कवाच इरून गेला. एकदा त्यांनी आपल्या तोंडानं म्हणावं, तुझं पत्र आलतं, म्या लपवलं. कुणी सांगून न्हाई, कुणी पकडून न्हाई. आपल्या मनानं. म्या मुद्दाम कवा इचारलं न्हाई. इचारल्यावर बोलले तर काय उपेग? आता पुढल्या सोमवारी मला कापायला नेत्यात. गुंगीतून उठले, न्हाई उठले, काय सांगावं. त्याच्या आदी ऐकू दे. एवढं झालं की तुझ्याकडं माझं काई काम न्हाई. आन् त्यांला कळू देऊ नको हां, मला ठाऊक हाय म्हणून. लय लाजतील."

शेवटच्या वाक्याला ती हसली होती.

आबासाहेबांनी ते दुसऱ्यांदा लावलं, कारण पहिल्यांदा ऐकताना हे दुसऱ्याच कुणाच्या नवऱ्याबद्दल आहे असं वाटत होतं. दुसऱ्यांदा ऐकल्यावर त्यांनी हात जमिनीला टेकला. बाभळीचा काटा तळहातात रुतला तेही त्यांना उशिरानं कळलं.

अठ्ठ्याऐंशी साली रंगनाथ पोस्टमननं पारावरच ते पाकीट त्यांच्या हातात दिलं होतं. नाव बायनाबाईचं. बायकोच्या नावचं पाकीट नवऱ्यानं फोडलं यात तेव्हा कुणालाच काही वाटलं नसतं, त्यांनाही वाटलं नाही. दहावी झालेली म्हणून तिच्या बापानं कधीतरी अर्ज भरला होता. परभणीला नर्सबाईचं अठरा महिन्यांचं शिक्षण, तिथंच राहायचं, अमुक तारखेला हजर व्हावं. गोपाळ दीड वर्षांचा. आपली बायको अठरा महिने परक्या गावी, परक्या माणसांच्या जखमा पुसत, हे सत्तावीस वर्षांच्या आबासाहेबांना सोसवलं नाही. त्यांनी पत्र जाळायला काडी पेटवली होती. पण सरकारी शिक्का असलेला कागद जाळायची छाती झाली नाही. म्हणून ते पत्र्याच्या पेटीत, सातबाऱ्यांच्या खाली गेलं.

पोस्टमनच्या सायकलची घंटी वाजली की बायनाबाई हातातलं काम टाकून दाराशी यायची आणि आबासाहेबांना विचारायची. "आलं का वो काई?" "न्हाई." "पुढल्या साली येईल." "व्हय." तीन महिने हे चाललं. दिवाळीनंतर तिनं विचारणं सोडलं. चला, विसरली बाई, असं म्हणून आबासाहेबांनी तेव्हा सुटकेचा श्वास सोडला होता आणि पुढं स्वतःही विसरून गेले होते.

विसरली नव्हती. त्या दिवाळीला तिनं पेटी उन्हात ठेवली होती.

म्हणजे त्यानंतरची प्रत्येक भाकर तिनं हे ठाऊक असताना थापली. ओट्यावर ते "आपल्यापशी लपवाछपवी न्हाई" म्हणून लोकांचे निवाडे करत, तेव्हा आतून चहाचे कप घेऊन येणाऱ्या बाईला ठाऊक होतं. पोलिओच्या डोसाला गावात नर्स यायची, तिला हातपाय धुवायला पाणी देताना ठाऊक होतं. आणि तोंडातून एक अक्षर नाही. आबासाहेब गावाला जाणत होते आणि छत्तीस वर्षं कुणीतरी त्यांना जाणत होतं. या धक्क्यानं त्यांना अक्षरशः दरदरून घाम फुटला, कार्तिकातल्या गार वाऱ्यात.

त्यांनी पडद्यावर पुन्हा पाहिलं. तिचा उजव्या कानाशी झुकलेला चेहरा आणि पलीकडं पोचवलेला हात. डावा कान तिनं इतका दाबून धरला होता, की बांगड्या मनगटावरून मागं सरकल्या होत्या. एक शब्द बाहेर सांडू नये म्हणून. आणि हे सगळं दिसत होतं ते वरून, तिच्या डोक्यावरून, जिथं त्यांनी स्वतः कॅमेरा लावून घेतला होता.

मंगळवारपासून त्यांचं जेवण तुटलं. सांगायचं तर होतंच. तिला सोमवारी नेणार, त्याआधी सांगायचं. पण सांगायला तोंड उघडलं की तिचे शब्द आडवे यायचे. कुणी सांगून न्हाई, कुणी पकडून न्हाई. ते तर पकडले गेले होते. तिनं त्यांना पकडलंच नव्हतं, त्यांनी स्वतःच जाऊन मान दिली होती. हे ऐकलं नसतं तर आपण कधी सांगितलं असतं का, असं त्यांनी मनाला विचारलं. खूप उकरून पाहिलं. या छत्तीस वर्षांत ओठावर येऊन परत गेलं असा एखादा तरी दिवस सापडतो का? एकही सापडला नाही. पत्र्याची पेटी त्यांना दिसायची ती सातबारा काढायचा असला की, बस.

बुधवारी भर दुपारी ते स्वतः नंदीकडं गेले. देवळात कुणी नव्हतं. कानाला तोंड लावलं, डाव्या कानावर हात दाबला. काय बोलावं ते जुळवत होते तोच खिशात मोबाईल थरथरला. काढून पाहिला तर पडद्यावर लिहून आलं होतं, हालचाल दिसली. खाली त्यांचाच फोटो, वरून काढलेला, टक्कल पडलेलं डोकं नंदीला चिकटलेलं. ऐकणारे तेच एकटे होते. तरी त्या कॅमेऱ्याखाली त्यांना एक शब्द बोलता आला नाही.

तिथूनच त्यांनी धम्मपालला फोन लावला. "नंदीवरचा कॅमेरा काढून टाक. आत्ता ये."

"आबा, म्या गंगाखेडला कामावर हाय. सोमवारी येतो."

"बरं, सोमवारी ये," आबासाहेब म्हणाले. सोमवारी आपण परभणीत असू, तेच बरं, असा हिशेब त्यांनी केला.

रविवारी सकाळी बायनाबाई अंगणात दवाखान्याची पिशवी भरत होती. लुगडी, टॉवेल, स्टीलचा डबा, गोपाळनं पाठवलेली शाल. आबासाहेबांनी आतून पाकीट आणलं आणि तिच्यासमोर बसले.

"गोपाळची माय, हात थांबव जरा."

"काय झालं?"

"ह्ये तुझं हाय." पाकीट त्यांनी शालीवर ठेवलं. "आठ्ठ्याऐंशी साली आलतं. म्या फोडलं, म्याच लपवलं. तुला न्हाई आलं म्हणून खोटं सांगितलं. तुझ्या जल्माची माती केली म्या."

बायनाबाईनं पाकिटाकडं बघितलंच नाही. ती त्यांच्याकडं बघत राहिली. डोळे भरले, आणि मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते आबासाहेबांनी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातसुद्धा पाहिलं नव्हतं. सत्तावन्न वर्षांची बाई, तिच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटल्या. ती तोंडावर पदर धरून हसली आणि हसता हसता रडली.

"आवो," तिनं कसंबसं विचारलं, "आजच कामून वो?"

इथं सांगता आलं असतं. चार दिवस त्यांनी ते वाक्यही मनात घोळवून ठेवलं होतं. पण तिचा तो चेहरा! त्याच्यावर माती कोण टाकणार? निदान आबासाहेबांनी स्वतःला असं समजावलं.

"मनात आलं," ते म्हणाले. "परभणीला जायलीस. वाटलं, सांगून टाकावं."

"मला ठाऊक व्हतं," ती हळूच म्हणाली. "पयल्या दिवाळीपसून."

"व्हय?" आबासाहेब म्हणाले.

त्या एका शब्दात त्यांनी भुवया अशा उंचावल्या, आवाजात असं नवल आणलं, की तमाशातल्या नटानं वाहवा करावी. आपलाच तो आवाज त्यांना ओळखीचा वाटला. छत्तीस वर्षांपूर्वीचं "न्हाई" असंच सफाईनं निघालं होतं.

बायनाबाई मात्र उठलीसुद्धा. "नारळ घ्या. चला माझ्यासंगं."

"उद्या जाताना जाऊ की."

"उद्या कशाला? ज्याचं त्याला आत्ताच सांगायचं. आज त्याचं काम फिटलं." ती पुढं निघाली. दुखण्यानं आठ दिवस वाकून चालणारी बाई ताठ चालत होती. रस्त्यात चांगुणाबाई भेटली, तर तिला म्हणाली, "माझं बी ऐकलं गं त्यानं!"

देवळाच्या पायरीशी आबासाहेबांना शिडी दिसली. शिडीवर धम्मपाल होता. तोंडात स्क्रू धरून नंदीवरचा कॅमेरा उतरवत होता.

"गंगाखेडचं लवकर उरकलं, आबा," तो वरूनच आनंदानं म्हणाला. "म्हणलं, तुमी घाईत व्हता, आजच करून टाकावं."

आबासाहेबांनी त्याला हातानं गप्प बस अशी खूण केली. पण दोन्ही हातांत शिडी नि वायर धरलेला माणूस खाली कुठं बघतो!

"झालं काकू, बोला तुमी आता खुशाल," धम्मपाल बायनाबाईला म्हणाला. "ह्याच्यात लोकायचं बोलणं ऐकू यायचं. म्या पयल्याच दिशी म्हणलं व्हतं, बंद ठिवा. शेवटी पटलं आबाला."

बायनाबाई नंदीच्या कानाशी पोचली होती. एक हात उचललेला होता. तो तिथंच थांबला.

"बोलणं? कुणाला ऐकू यायचं?"

आता धम्मपालनं खाली पाहिलं. आबासाहेबांचा चेहरा पाहिला. त्याच्या तोंडातला स्क्रू खाली फरशीवर पडून घरंगळत गेला.

"सांग की बाबा. कुणाला?"

"आबाच्या मोबाईलवर, काकू."

बायनाबाईनं वर कॅमेऱ्याकडं पाहिलं. मग नंदीच्या गुळगुळीत कानाकडं, मग आपल्या तळहाताकडं. त्या तळहातावर काही लिहिलेलं असावं तसं ती बराच वेळ तिथं बघत राहिली. आबासाहेबांना वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"कवापसून?" तिनं विचारलं, तेही धम्मपालला.

"श्रावण सरल्यापसून."

तिनं नारळ न फोडताच नंदीच्या पुढ्यात ठेवला आणि परत निघाली. जाताना ती पुन्हा वाकली होती. आबासाहेब दहा पावलं मागून चालत होते. रस्त्यात पंडित दिसला. तो नेहमीसारखा दुसऱ्या वाटेला लागला, आणि आज पहिल्यांदा आबासाहेबांना कळलं की त्याच्या पाठीवर काय ओझं आहे.

घरी आल्यावर ती घरात जाऊन पेटीपुढं बसली. अंगणातून पाकीट उचलून आणलं होतं तिनं. आबासाहेब चौकटीत उभे राहिले.

"म्या एकाच सोमवारचं ऐकलं तुझं. देवाशप्पथ, एकाच. बाकी कवा न्हाई."

तिनं पेटीचं झाकण उघडलं.

"आन् सांगितलं ते खरंच सांगितलं की म्या. एक शबूद खोटा न्हाई त्यातला."

"तुमी कुठं सांगितलं?" बायनाबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. थकलेला होता, नुसता थकलेला. "माझंच मला परत वाचून दाखवलं."

"तुला हेच पायजे व्हतं ना?"

"व्हय. म्हणून तर त्याच्या कानात सांगितलं व्हतं. त्याला छत्तीस वर्सं ठाऊक हाय सगळं. तुमचं बी, माझं बी. त्यानं तुमाला जाऊन सांगितलं का? मला येऊन सांगितलं का? गप बसून वाट बघत व्हता, माझ्यासंगं." तिनं पाकिटातलं पत्र बाहेर काढून सरळ केलं. घड्यांवर ते इतकं झिजलं होतं, की उजेड आरपार दिसत होता. "आता तुमी कवा काय बोलला, तरी मला वाटंल, कुठून तरी ऐकून आले. पुसता येईल का ते?"

आयुष्यभर दुसऱ्यांचे निवाडे केलेल्या माणसाला स्वतःच्या चौकटीत उभं राहून एक वाक्य सुचेना. लाज वाटत होती, आणि त्यांची लाज जपणारी ती, "लय लाजतील" म्हणून हसणारी ती, समोर पाठ करून बसली होती.

तिनं पत्र जुन्याच घडीत घातलं. पाकिटात ठेवलं. सातबारे उचलले, पाकीट तळाशी सारलं, वर सातबारे जसे होते तसे लावले आणि झाकण लावून टाकलं.

"ह्ये आजून निघालं न्हाई पेटीतून," ती म्हणाली. "शाल तेवढी द्या हिकडं. पिशवीत टाकायची ऱ्हायली."

सोमवारी सकाळी सातला जीप आली. देवळासमोर ड्रायव्हरनं रीतीप्रमाणं गाडी हळू केली, दवाखान्याला जाणारं माणूस नंदीला भेटूनच जातं. बायनाबाई उतरली नाही. तिनं बसल्या जागेवरून हात जोडले आणि डोळे मिटले. ओठ हलले नाहीत. आबासाहेब शेजारी बसून तिच्या ओठांकडंच बघत होते, आणि ते बघतायत हे डोळे मिटूनही तिला ठाऊक होतं.